खिडकीच्या आतली पाच बोटं

"तुम्ही नोकरी कसली करत होतात?" या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणं मला कधी जमलं नाही. गाळण्या बनवत होते, असं म्हटलं की समोरच्या बाईच्या डोळ्यांसमोर चहाची गाळणी येते आणि ती विषय बदलते. पॉलिमर मेम्ब्रेनवर अतिनील किरणांची प्रक्रिया करत होते, असं म्हटलं तर ती उठूनच जाते. माझे यजमान रेल्वेत होते, त्यामुळे त्यांना लोकांना थोडक्यात वाटेला लावायची सवय. ते सांगत, "आमची ही प्लॅस्टिकला ऊन दाखवते." पापड, कुरडया, सांडगे आणि प्लॅस्टिक. मी वरवर रागावत असे, पण खरं सांगायचं तर एवढं नेमकं मला स्वतःलाही कधी सांगता आलं नाही.

सांगलीत रसायनशास्त्रात एमएस्सी केलं, लग्न झालं आणि यजमानांच्या बदलीबरोबर चेन्नईला आले. आम्ही तांबरमला राहत होतो आणि आजही तिथंच राहतो. घरापासून बसनं वीस मिनिटांवर एका मोठ्या शेडमध्ये आमची छोटी कंपनी होती. मालक पांडुरंगराव. सगळे त्यांना राव सर म्हणत. ते तंजावरच्या मराठी घराण्यातले, आणि त्यांची मराठी माझ्या पणजीच्याही आधीची. कशाला म्हणायचं तर ते 'कसाला' म्हणत, सगळे म्हणायचं तर 'अस्के', आणि वाक्याच्या शेवटी तमिळ हेल. मुलाखतीत त्यांनी मला विचारलं होतं, "बाई, इतकं शिकलांत, मग घरी बसलांत कसाला?" मला आधी वाटलं ते रागावलेत. नंतर कळलं की नोकरी मिळाली.

आता थोडं त्या उन्हाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मेम्ब्रेन म्हणजे प्लॅस्टिकचा पांढरा, कागदासारखा पातळ पडदा. त्याला छिद्रं असतात, पण इतकी बारीक की सूक्ष्मदर्शकालाही घाम फुटावा. एका बाजूनं घाण पाणी दाबानं सोडलं की पाणी पलीकडे जातं आणि घाण अलीकडे राहते. ऐकायला सोपं आहे. अडचण अशी की प्लॅस्टिकला पाण्याचं वावडं आणि तेलकटाचं प्रेम. चार दिवसांत घाणीचा थर त्याला असा चिकटतो की पाणी जायचंच बंद होतं. मग करायचं काय, तर पडद्याला पाणी आवडायला लावायचं. पाण्याची आवड असलेलं एक रसायन पाण्यात कालवायचं, पडदा त्यात भिजवायचा आणि वरून अतिनील प्रकाश सोडायचा. हा प्रकाश जांभळ्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा. तो प्लॅस्टिकच्या वरच्या थरातले बंध तोडतो आणि त्या तुटलेल्या जागी रसायनाचे धागे धरतात आणि वाढतात. वाफ्यात रोपं लावावीत तशी पडद्यावर आणि छिद्रांच्या तोंडाशी ही लव उगवते, आणि मग घाणीला बसायला जागा उरत नाही.

सगळी करामत प्रकाशाच्या मापात. कमी पडला तर पडदा टकला राहतो. जास्त झाला तर लव इतकी दाट होते की छिद्रं बुजतात. त्याहून जास्त झाला तर प्रकाश प्लॅस्टिकच खायला लागतो आणि छिद्रं रुंदावून घाण सरळ पलीकडे जाते. एकाच पडद्यातून फक्त सेकंद बदलून मी तीन वेगवेगळ्या जातीच्या गाळण्या काढून दाखवू शकत होते. स्वयंपाकात माझं मीठ आजही कमीजास्त होतं, पण त्या दिव्याखाली माझा हात कधी चुकत नाही अशी माझी ख्याती होती. ही ख्याती मीच पसरवली होती, हेही सांगून टाकते.

यंत्राची रचना साधी होती. भिजलेला पडदा एका रोलवरून दुसऱ्या रोलवर संथपणे सरकायचा. त्याच्या वर बोटभर अंतरावर एक आडवी खिडकी, आणि खिडकीच्या वर पत्र्याच्या पेटीत दिवे. खिडकी साध्या काचेची चालत नाही, क्वार्ट्झची लागते, कारण साधी काच हा प्रकाश अडवते. हे मला आधीपासून ठाऊक होतं, असं म्हणता येणार नाही. एकदा खिडकीला तडा गेला तेव्हा गावातल्या काचवाल्याला मी माप दिलं आणि बाहेरच्या कामाला गेले. परत येईपर्यंत त्यानं चकचकीत काच बसवलेली. "जुनीपेक्षा साफ आहे, मॅडम," म्हणाला. साफ होती खरी. दोन दिवस आम्ही तिच्याखालून पडदे सोडले आणि ते जसे गेले तसेच बाहेर आले.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे पल्लावरमचे बशीरभाई. त्यांचा कातडी कमावण्याचा कारखाना होता. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी पडद्याचा तुकडा उचलला, दारात गेले, सूर्यासमोर धरला आणि एक डोळा मिटून बराच वेळ पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, इसमें होल किधर हैं?" मी म्हटलं, दिसण्याइतकी मोठी नाहीत. ते म्हणाले, "दिखता नहीं, तो मैं पैसा किस चीज का दूं?" दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याच कारखान्याचं सांडपाणी बाटलीत भरून आणायला लावलं आणि त्यांच्यासमोर पडद्यातून काढलं. खाली पेल्यात स्वच्छ पाणी उतरलं. त्यांनी ते हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि पेला खिशातल्या रुमालात गुंडाळून घरी दाखवायला घेऊन गेले. पेला आमच्या प्रयोगशाळेचा होता, तो काही परत आला नाही.

दोन हजार साल उलटून तीनचार वर्षं झाली असतील. पावसानं सलग पाठ फिरवली होती आणि चेन्नईत पाण्याच्या टँकरमागे घागरींच्या रांगा लागत होत्या. अशा दिवसांत वापरलेलं पाणी गाळून पुन्हा वापरणं ही चैन राहिली नव्हती. बशीरभाईंनी नवी मोठी गाळणयंत्रणा बसवायला घेतली आणि सगळे पडदे आमच्याकडून मागवले. राव सरांनी त्यासाठी माणसं वाढवली. त्यात सेल्वी आली.

सेल्वी कोवलमची. तिशी ओलांडलेली, सडपातळ, बोलायला कमी. नवरा मासेमारीच्या बोटीवर. घरात बांधलेला पगार असा कोणाचाच कधी नव्हता. दोन बस बदलून ती यायची आणि माझ्याआधी हजर असायची. वर्षभर तात्पुरती ठेवायची, काम पटलं तर डिसेंबरअखेर कायमचं पत्र द्यायचं, असं ठरलं होतं. ती मला अक्का म्हणायची. माझं तमिळ भाजीबाजारापुरतं, तिचं इंग्रजी यंत्रावरच्या बटणांपुरतं. या दोन्हींच्या मध्ये आमचं छान चालायचं. तिचं सकाळचं पहिलं काम म्हणजे यंत्राखाली मान वाकडी करून वाकायचं, खिडकीची खालची बाजू स्पिरिटनं पुसायची आणि कपाटाला टांगलेल्या वहीत सही करायची. वहीत दोनच रकाने होते, एकावर लिहिलेलं 'साफ' आणि दुसऱ्यावर 'साफ नाही'. वही मीच आखली होती.

मग आयुधपूजा आली. आपल्याकडची खंडेनवमी ती तिकडची आयुधपूजा, पण तिचा थाट काही औरच. आदल्या दिवशी अख्खी शेड धुतली जाते. यंत्रांना झेंडूच्या माळा, दाराला केळीचे खुंट, प्रत्येक पत्र्यावर चंदनाचा टिळा आणि त्यावर कुंकू, मग कोहळा फोडायचा आणि सगळ्यांना चुरमुरे आणि चण्याची उसळ. त्या दिवशी आमच्या यंत्रालाही सगळ्यांनी मनोभावे टिळे लावले. पंप, मोटर, बटणांची पाटी, काही सोडलं नाही. मी बाजूला उभी राहून बघत होते आणि माझ्या मनात आलं की हे सगळे पत्र्याला नमस्कार करताहेत. यंत्रातला खरा देव आत आहे, आणि ते फक्त मला ठाऊक आहे.

मी घरून हळदकुंकवाचा करंडा नेला होता. सगळे प्रसादाकडे वळल्यावर मी दिव्याच्या पेटीचं झाकण उचललं. दिवे बंद होते. आत क्वार्ट्झची खिडकी लख्ख चमकत होती. तिच्या वरच्या बाजूला, म्हणजे दिव्याच्या बाजूला, मी ओल्या हळदकुंकवाची पाच बोटं ओढली, चांगली ठसठशीत. हात जोडले, झाकण लावलं. मनात आलं होतं की परवा काम सुरू होण्याआधी पुसून टाकू.

घरी त्याच दिवशी सांगलीहून दीर-जाऊ आले होते, दुसऱ्या दिवशी दसरा होता, श्रीखंड होतं. परवा उजाडला तेव्हा माझ्या डोक्यातून ती पाच बोटं साफ गेली होती. ती पेटी दिवा बदलायचा असेल तरच उघडायची, म्हणजे सातआठ महिन्यांतून एकदा.

डिसेंबर लागला आणि बशीरभाईंचा फोन आला. आवाज नेहमीचा थट्टेचा नव्हता. नव्या गाळण्या तुंबताहेत, म्हणाले. सप्टेंबरात दिलेल्या चालतात, नंतरच्या चालत नाहीत. पाणी अडून राहिलंय आणि निम्मा कारखाना बंद आहे. राव सर आणि मी लगेच गेलो, एक गाळणी सोडवली आणि आतला पडदा जमिनीवर उलगडला. पडदा बऱ्यापैकी पांढरा होता, पण त्याच्या लांबीभर पाच तपकिरी पट्टे धावत होते. घाण फक्त तिथंच बसली होती. तिथं आधी जम धरून ती हळूहळू आजूबाजूला पसरायला लागली होती.

"हे काय असेल, बाई?" राव सर म्हणाले. मला खरोखर सुचलं नाही. आज हे सांगताना लाज वाटते, पण सुचलं नाही.

शेडमध्ये परत येऊन त्याच रोलचा न वापरलेला तुकडा मी निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवला. ही आमची नेहमीची परीक्षा. लव असेल तिथं निळा रंग धरतो, नसेल तिथं धुऊन जातो. तुकडा निळा झाला आणि त्यात पाच फिकट पट्टे राहिले. म्हणजे चूक बशीरभाईंची नव्हती. त्या पट्ट्यांवर प्रकाशच कमी पडला होता. खिडकीवर काहीतरी होतं.

राव सरांनी यंत्राखाली हात घातला. त्यांना मानेचा त्रास, वाकून बघणं त्यांना जमायचं नाही. चाचपून त्यांनी आपला पांढरा रुमाल खिडकीच्या खालच्या बाजूवरून फिरवला. रुमाल पांढराच बाहेर आला, म्हणून मीही वाकून बघितलं नाही. मग त्यांनी वही मागवली. रोजची सही, रोज 'साफ'.

"आज साफ आहे," राव सर तमिळमध्ये सेल्वीला म्हणाले, "कारण आज तक्रार आली हे तुला कळलं. इतके दिवस न पुसता सही केलीस."

सेल्वी म्हणाली, "पुसलं, सर."

"मग पट्टे कुठून आले?"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. मी मध्ये पडले नाही. मला तिची कीव आली, पण मनातून मलाही तेच वाटत होतं. पाच पट्टे आकाशातून पडत नाहीत.

राव सर दुष्ट माणूस नव्हते. त्यांनी आवाज चढवला नाही. ती गेल्यावर मला म्हणाले, "बाई, काम येत नाही तर शिकवतां येतं. खोटी सही करते त्यास काय करावं? महिनाअखेर हिशेब करून सोडून द्या. पत्र नको." मी मान हलवली. चार दिवस सेल्वी आली, खिडकी पुसत राहिली, सही करत राहिली. डबा खायला आमच्यात बसेनाशी झाली.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. तांबरमला आमच्या आजूबाजूला कोणी ही पूजा करत नाही, पण मी सोडलेली नाही. सकाळी लवकर उठून पाट मांडला, तांब्याच्या कलशात पाणी, सुपारी, नाणं घातलं, आंब्याचे डहाळे रोवले. मग करंडा उघडला, बोट ओलं करून हळदीत बुडवलं आणि कलशावर ओढलं. एक, दोन, तीन. चौथ्या बोटाला माझा हात हवेतच थांबला.

यजमान चहा घेऊन बसले होते. ते म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." पाचवं बोट मी ओढलं, पण पूजेत माझं लक्ष नव्हतं. कलशाच्या पोटावरची ती पाच बोटं आणि त्या निळ्या तुकड्यातले पाच पट्टे यांच्यातलं अंतर सारखंच होतं. हात एकच होता ना.

त्या दिवशी मी सेल्वीच्याही आधी पोचले. शेडमध्ये वॉचमनखेरीज कोणी नव्हतं. पेटीचं झाकण उचललं. पाच बोटं तिथंच होती. हळदकुंकवाचा रंग उडाला होता, दिव्याच्या तापानं ती भाजून तपकिरी, करपलेल्या दुधाच्या कडेसारखी झाली होती. फक्त एका बोटाचं टोक चौकटीच्या पट्टीखाली झाकलेलं होतं. तिथं हळद अजून पिवळी धमक होती.

पुढचं मी आजवर यजमानांनाही सांगितलेलं नाही. मी कापूस घेतला, स्पिरिट घेतलं आणि पुसायला लागले. जोर लावून दोन बोटं पुसून काढली. मनात सगळं तयार होतं. खिडकी स्वच्छ करायची, निळी परीक्षा पुन्हा घ्यायची, पट्टे गेले म्हणायचं, कारण कळलं नाही म्हणायचं. यंत्रांचं असं कधीकधी होतं, कोणी विचारत नाही. राव सर मला मानत होते, आणि आपल्या भाषेची बाई म्हणून जरा जास्तच मानत होते. ते मला गमवायचं नव्हतं.

तिसऱ्या बोटाला स्पिरिट संपलं. दुसरी बाटली सेल्वीच्या कपाटात होती. कपाटाच्या दाराला ती वही टांगलेली. दार उघडायचं तर वही बाजूला करावी लागे. मी ती हातात घेतली आणि तिची पानं उलटत राहिले. रोजची तारीख, रोजची सही, तीच गोल तमिळ अक्षरं, एकही दिवस घाईत केलेली नाही. तिच्या हातात जी बाजू होती ती रोज साफ होती. वरच्या, दिव्याकडच्या बाजूसाठी मी रकानाच ठेवला नव्हता. मी वही जागेवर टांगली आणि झाकण उघडंच ठेवून स्टुलावर बसून राहिले.

राव सर आले तेव्हा मी त्यांना पेटीपाशी नेलं. "तीन उरलीत," मी म्हटलं. "दोन मी आत्ता पुसली. पाचही मीच लावलेली." खंडेनवमीला काय केलं ते सांगितलं. पत्र्याला नमस्कार आणि खरा देव आत, तेही सांगितलं, कारण ते वगळलं असतं तर अर्धंच सांगितल्यासारखं झालं असतं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि आत पाहिलं.

"पूजा केलांत तुम्ही," ते म्हणाले, "आणि मी ओरडलों कोणास?" मग पेटीकडे बोट करून, "देव आत आहे म्हणून त्याचे डोळेच बंद केलांत की."

एवढंच. माझ्यावर ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आपल्या टेबलाशी जाऊन बशीरभाईंना फोन लावला आणि सगळे रोल बदलून देतो म्हणाले. मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला, म्हणजे कारण मी सांगायचं. मी सांगितलं. पलीकडे ते असे हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "मॅडम, दुआ मांगो, जरूर मांगो," ते म्हणाले, "लेकिन बाहर खड़े होकर." पुढं कितीतरी वर्षं ते मला सणासुदीला फोन करायचे आणि आधी हेच विचारायचे, बाहर खड़े हो ना?

सेल्वी आली तेव्हा राव सर म्हणाले, "तिला तुम्हीच सांगा." आणि आपण बाहेर नारळाच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले.

माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मी तिला सांगितलं आणि तिची माफी मागितली. झाकण उघडून दाखवलं. ती आत वाकून पाहीना, म्हणून मी म्हटलं, "बघ ना." ती म्हणाली, "बघितलंय, अक्का."

"कधी?"

"पूजेनंतर पहिल्याच दिवशी. खालून पुसत होते. पिवळं आणि लाल दिसलं. मी खूप घासलं, ते निघेना. मग कळलं की ते वरच्या बाजूला आहे."

मग मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?"

ती स्पिरिटची बाटली या हातातून त्या हातात करत राहिली. "तुम्ही लावलेलं होतं. करंडा तुमच्याच हातात पाहिला होता. मला वाटलं तसंच लावायचं असतं. तुम्ही मोठ्या, शिकलेल्या. आणि अक्का, कुंकू पुसा असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? माझा माणूस समुद्रावर असतो."

हे मला पटलं. आपल्याकडेही ते कोणी म्हटलं नसतं. पण मला अजून एक विचारायचं होतं. "राव सर तुला खोटी म्हणाले, तेव्हा तरी सांगायचंस. तुझी नोकरी जात होती."

तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं. "सांगितलं असतं तर तुम्ही मानलं असतं?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. खरं तर मला हो म्हणायची घाईच झाली होती. पण तिच्या डोळ्यांत मला त्या दिवसाची मी दिसली, वही हातात धरून पाच पट्टे आकाशातून पडत नाहीत असं मनात म्हणणारी. "नसतं मानलं," मी म्हटलं.

"सेरि," ती म्हणाली. म्हणजे ठीक आहे. आणि खाली वाकून तिनं खिडकी पुसायला घेतली. मी वरून उरलेली तीन बोटं काढली. क्वार्ट्झच्या खाली तिचा हात फिरत होता आणि वर माझा.

तिला कायमचं पत्र मिळालं. ते राव सरांनी स्वतः टाइप केलं आणि तिला देताना तमिळमध्ये माफी मागितली, सगळ्यांसमोर. मालक माणूस असं करताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मी माफी मागितली होती ती तिच्या एकटीपाशी, म्हणून मला ते जरा टोचलंही. बशीरभाईंचे रोल बदलायला आम्हाला दीड महिना लागला, रविवारीही यंत्र चाललं. नवे पडदे पुढं इतके टिकले की ते म्हणायचे, आता तरी बिघडवा, भेटायला येता येईल.

पुढची सारी वर्षं मी त्याच शेडमध्ये काढली. दिवे बदलले, यंत्र मोठं झालं, पडदे दुसऱ्या गावांना जायला लागले. अतिनील प्रकाशानं प्लॅस्टिकच्या पोटात काय घडतं हे मला पुढं अजून चांगलं कळलं, आणि त्यावर एकदोन ठिकाणी भाषणंही झाली. समाधानाची नोकरी होती. जे हातून राहून गेलं ते फार नाही, पण त्या चार दिवसांत सेल्वीनं एकटीनं डबा खाल्ला तो मला अजून आठवतो.

वही मात्र मी त्याच आठवड्यात नवी आखली. 'साफ' आणि 'साफ नाही' यांच्या पुढं एक रुंद रकाना घेतला आणि त्यावर तमिळमध्ये लिहून घेतलं, 'जे दिसलं ते'. नियम असा केला की यंत्रावरची बाई तिथं काहीही लिहील, कोणाबद्दलही लिहील, आणि ते वाचून त्याच दिवशी खाली मी सही करीन. पहिले दोन दिवस सेल्वीनं तो रकाना कोरा सोडला. तिसऱ्या दिवशी तिथं दोन ओळी होत्या. माझं तमिळ वाचन एकेक अक्षर लावत जाणारं, त्यामुळे मी उभी राहून मिनिटभर त्या ओळींशी झटापट करत होते आणि सेल्वी पाठमोरी उभी राहून रोल बसवत होती, जसं काही तिला ठाऊकच नाही.

लिहिलं होतं: 'अक्कांची बांगडी खिडकीला घासली. बारीक चरा आहे.'

मी वाकले, मान वाकडी केली आणि पाहिलं. चरा होता. मी खाली सही केली.